अप्पांच्या घरातलं पार्टिशन

सिरसाळ्यात बाजारतळाच्या अंगाला रेवणसिद्धअप्पांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, वर माडी. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून अप्पा गादीवर बसले की जेवणाची हाक येईपर्यंत उठायचे नाहीत. स्वभाव एकदम थंड. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तरी हे आपले 'हां बाबा, हां बाबा' करत मान हलवायचे. पण एक शब्द असा होता की तो नुसता कानावर पडला तरी अप्पा गादीवरून उठून आत निघून जायचे. तो शब्द म्हणजे पार्टिशन.

त्याला तसंच कारण होतं. अप्पा रांगत होते त्या वयात त्यांचे वडील आणि चुलते वेगळे झाले. अंबाजोगाईच्या कोर्टात पार्टिशनचा दावा इतकी वर्षं चालला की दोन्हीकडचे वकील म्हातारे होऊन त्यांची पोरं उभी राहायला लागली. निकाल लागला आणि मग घरातली एकेक वस्तू फोडायला घेतली. शिसवी बंगईची फळी वडलांकडं आली आणि पितळी कड्या चुलत्यांकडं गेल्या. वडलांनी फळी भिंतीला टेकवून ठेवली, चुलत्यांनी कड्यांनी म्हैस बांधली. झोका कुणालाच मिळाला नाही. मोठ्या दरवाजाच्या दोन फळ्यांतली एक यांना, एक त्यांना. अर्धा दरवाजा लावून उरलेल्या जागेला वडलांनी पोतं टांगलं. त्या पोत्याखालून कुत्री आत शिरायची आणि टोपल्यातल्या भाकरी पळवायची. आई मुसळ घेऊन मागं धावायची.

हे बघूनच अप्पांनी मनाशी पक्कं केलं, की आपल्या जित्या जिवात आपल्या घरात हा प्रकार होऊ द्यायचा नाही. पुढं त्यांचं लग्न झालं, शांतादेवी आल्या, दोन मुलगे झाले. थोरला संगमेश्वर, धाकटा राजेश्वर. दोघांना दिवाळीला एकाच ठाणातला कपडा, त्यामुळं पोरं सणाला बँडपथकातली वाटायची. दोघांना आंबाही एकाच आकाराचा. एकदा संगमेश्वरला ताप आला तर अर्धी गोळी धाकट्यालाही द्यावी का, हे अप्पा डॉक्टरांना विचारून आले होते.

पोरं मोठी झाली. संगमेश्वर दुकानात बसायला लागला, त्याचं लग्न होऊन शिवांजली घरात आली. धाकटा अंबाजोगाईला कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला गेला. त्या वर्षांत धंद्याची तऱ्हाच पालटली होती. रोज नव्या कंपनीचं बियाणं, रंगीत पाकिटं, आणि गळ्यात टाय बांधून मोटारसायकलीवर येणारी कंपन्यांची पोरं. ती अप्पांना 'सर' म्हणायची आणि बिल कॉम्प्युटरवरचं मागायची. शेवटी संगमेश्वरनं अंबाजोगाईहून कॉम्प्युटर आणला. अप्पांनी त्याला भस्म लावलं, नारळ फोडला. शांतादेवींनी त्याच्यासाठी लोकरीचं झाकण विणलं. दुकान आणि घर यांच्या मधल्या खोलीत त्याची स्थापना झाली आणि त्या खोलीत चप्पल घालून जायची बंदी झाली. ती बंदी पाळायचे एकटे अप्पाच, आणि ते खोलीत फारसे जायचेच नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत राजेश्वर घरी आला तो पिशवीत एक सीडी घेऊन. कुठल्याशा मासिकाबरोबर ती फुकट आली होती. त्यात लिनक्स होतं, म्हणजे विंडोजसारखंच मशीन चालवणारं, पण फुकटचं. कॉलेजात सगळी पोरं त्याचंच नाव घेत होती, पण कॉलेजच्या मशीनला हात लावायला सर परवानगी देत नव्हते. घरच्या मशीनच्या डिस्कचे दोन भाग पाडलेले होते. पहिल्या भागात विंडोज आणि त्यात संगमेश्वरची सगळी बिलं. दुसरा भाग मोकळाच पडून होता. त्या मोकळ्या भागात आपलं लिनक्स बसवावं, म्हणजे मशीन चालू करताना ज्याला जे पाहिजे ते उघडता येईल, असा राजेश्वरचा बेत होता. तो बेत त्यानं मधल्या खोलीत थोरल्याच्या कानावर घातला.

त्याच वेळी खोलीच्या खिडकीखाली छबुबाई भांडी घासत होती. छबुबाई अप्पांच्या घरी फार वर्षांपासून कामाला होती आणि घरातल्या बातम्यांवर आपला हक्क आहे असं तिला वाटायचं. तिला आतून राजेश्वरचा आवाज आला.

"दादा, तुझा हिस्सा तुला, माझा मला. पार्टिशन करून माझं मी मांडून घेतो. अप्पाला आत्ताच सांगू नगंस, उगी काळजी करतेल."

त्यावर थोरला म्हणाला, "कर काय करायचं ते. पन माझ्या हिश्श्याला हात लावलास तर तंगडं मोडीन."

छबुबाईनं घासलेलं पातेलं पुन्हा राखेत ठेवलं. तिनं पुढं गावात जे सांगितलं त्यात एका अक्षराची भर नव्हती. फक्त सांगताना तिनं डोळ्याला पदर लावला, आणि जे काम पदरानं केलं ते शब्दांनी केलं नसतं.

दुपार कलल्यावर अप्पा समोरच्या सुग्रीवच्या हॉटेलात चहाला गेले. एरवी सुग्रीव लांबूनच कप सरकवायचा. आज तो स्वतः येऊन शेजारी बसला, चहात जास्तीचं दूध घातलं होतं, आणि काळच तसा आलाय अप्पा, पोरं तरी काय करतील, असं काहीबाही बोलायला लागला. अप्पांना उमगेना. शेवटी सुग्रीवनं छबुबाईचं नाव घेतलं आणि मग तो शब्द उच्चारला. अप्पा चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन सरळ पोरांना विचारायचं, एवढंच काम होतं. पण अप्पांना धीर होईना. विचारलं आणि हो म्हणाले तर झालंच मग. न विचारता राहिलं तर निदान संध्याकाळपर्यंत तरी घर अखंड. संगमेश्वर माल आणायला परळीला गेला होता. राजेश्वर मधल्या खोलीत पडद्याला नाक लावून बसला होता. अप्पा दारात चप्पल काढून उभे राहिले आणि काय चाललंय म्हणून हळूच विचारलं.

राजेश्वरनं मान वळवली नाही. "पार्टिशन करायलोय अप्पा. दादाला इचारून घेतलंय."

अप्पा उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "हिस्से कसे केलेत?"

"दोन. मोठा दादाला ठेवलाय. त्याचा पसारा लई हाय. मला लहान बास झाला."

पोराचा हा मोठेपणा बघून अप्पांनी डोळे पुसले. "आन् आमी?"

"तुमाला कशाला लागतंय?" पोरगं टकटक करतच म्हणालं. "तुमी तर हात बी लावत न्हाईत."

अप्पा उठले आणि चप्पल न घालताच आत गेले.

त्यांना वाटत होतं की शांतादेवी हे ऐकून कपाळाला हात लावतील, पोरांना बोलावून घेतील, रडतील. शांतादेवी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपातली टरफलं पाखडली आणि शांतपणे म्हणाल्या, "मला माडीवरची खोली पाहिजे. तिथं सकाळचं ऊन येतंय. मी कोन्याच पोराकडं जायची न्हाई, माझं मी वर करून खाईन."

"आन् मी?"

"तुमी जेवायला येत जावा वर."

ही गोष्ट आज सुचलेली नव्हती, हे अप्पांना कळलं. खिडकीतलं ऊन कुठवर येतं ते त्या बाईला पाठ होतं.

सासू-सासऱ्यांचं बोलणं चुलीपाशी बसलेल्या शिवांजलीला ऐकू गेलंच. ती पदर सावरून पुढं आली. कधी वर मान करून न बोलणारी सून, पण आता विषय निघालाच आहे तर म्हणून तिनंही सांगून टाकलं, की तिला बाकी काही नको, भांडी नकोत, दागिने नकोत, फक्त एक वेगळी शेगडी पाहिजे. या घरात चहा एकदाच, एकाच पातेल्यात व्हायचा, आणि तो अप्पांच्या पित्तासाठी पातळ असायचा. लग्न होऊन आल्यापासून तिनं मनासारखा चहा प्यायला नव्हता. हे सांगताना मात्र तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आता पर्याय नव्हता. अप्पांनी अंबाजोगाईला फोन लावून मन्मथमामांना बोलावून घेतलं. हे शांतादेवींचे भाऊ. पै-पाहुण्यांत कुणाचीही वाटणी असली की ती मामांच्या हातूनच व्हायची. आपण केलेली एकही वाटणी कोर्टात गेली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. फोनवर त्यांनी दुःख व्यक्त केलं, पण आवाजात हुरूप होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा उतरले. एका पिशवीत मोजमापाची टेप, दुसरीत रांगोळीची फक्की. आल्या आल्या पाणी पिऊन त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि अंगण मोजायला घेतलं. संगमेश्वर आदल्या दिवशी अंधार पडल्यावर परतला होता, तो आंघोळ करून बाहेर येतो तर मामा अंगणाच्या मधोमध पांढरी रेघ ओढतायत आणि अप्पा टेपचं दुसरं टोक धरून उभे. त्याला वाटलं, अप्पांनीच काहीतरी ठरवलेलं दिसतंय. वडलांपुढं उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती. तो मामांनाच म्हणाला की बाकी तुमच्या मनाप्रमाणं करा, पण मला दुकानाची गादी द्या. स्टुलावर बसून बसून त्याची कंबर गेली होती. शिवाय त्याला ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घ्यायची होती. अप्पा ती गोष्ट काढली की 'हां बाबा' म्हणायचे आणि पुढं काहीच व्हायचं नाही.

म्हणजे याचंही ठरलेलं होतं. अप्पांच्या हातातलं टेपचं टोक सुटलं आणि सळकन मामांच्या हातातल्या डबीत जाऊन बसलं.

तेवढ्यात मधल्या खोलीतून राजेश्वर बाहेर आला. सकाळपासून तो आतच होता, अंगणात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. बनियन घामानं चिकटलेलं, चेहरा पांढराफटक. मामांकडं, रेघेकडं त्याचं लक्षही गेलं नाही. तो थेट थोरल्यापाशी गेला.

"दादा, पार्टिशन गंडलं. निस्तं एल आन् आय येऊन थांबायलंय. पुढं सरकंनाच."

मामांना राग आला. मी अजून मापंच घेतोय, गंडेल कसं, असं ते म्हणाले.

"तुमचं न्हाई मामा. कॉम्प्युटरचं."

"कॉम्प्युटरचं काय?"

"पार्टिशन. कालपासून तेच तर करायलोय मी. दादाचं विंडोज एका भागात, माझं लिनक्स दुसऱ्या भागात. अप्पाला सांगितलं की सगळं."

मामांनी अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी न्हाणीकडं पाहिलं, आणि न्हाणीपाशी बसलेल्या छबुबाईनं एकदम जोरजोरात परात घासायला घेतली. पहिल्यांदा हसल्या त्या शांतादेवी. पायरीवर बसून, तोंडात पदर कोंबून, गदागदा. कावून हसायलीस म्हणून अप्पांनी विचारलं तर त्यांना आणखीच हसू यायला लागलं.

संगमेश्वरला मात्र हसू आलं नाही. धाकटा काय म्हणाला ते त्याच्या डोक्यात हळूहळू उतरलं. मशीन चालू केल्यावर पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरं येऊन थांबतंय, म्हणजे पुढचं काहीच येत नाही, म्हणजे विंडोजही येत नाही.

"आन् माझी बिलं?"

राजेश्वर मागं सरकला. "असतेल. आत असतेल. फकस्त दिसंनात."

मग थोरला धावला आणि धाकटा पळाला. तुळशीला दोन वेढे झाले. मामा मधे पडायला गेले आणि रांगोळीच्या पिशवीवर पडले. सकाळपासून ओढलेली ती सरळ रेघ तिघांच्या पायांनी अशी पुसली गेली की अंगणात कुणी पीठ सांडून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी शिवांजलीनं नवऱ्याचा सदरा धरला तेव्हा ते थांबलं.

अप्पा यात कुठंच नव्हते. ते ओट्यावर बसले होते. घर फुटलं नाही म्हणून छातीवरचा धोंडा उतरायला पाहिजे होता, आणि उतरलाही. पण मागं एक सल राहून गेला. वाटणी होणार हे ऐकून घरात एकही माणूस 'नको' म्हणाला नव्हता. बायकोला ऊन पाहिजे होतं, सुनेला चहा, पोराला गादी. कुणी जमीन मागितली नाही, सोनं मागितलं नाही. एवढ्याशा गोष्टी, त्यासुद्धा मागायला यांना घर फुटायची वाट बघावी लागली. सगळं एकत्र ठेवायच्या नादात आपण या माणसांना कधी काय पाहिजे म्हणून विचारलंच नाही, हे अप्पांना तिथं बसल्या बसल्या कळलं आणि त्यांना फार लाज वाटली.

मामा कपडे झटकून टेप पिशवीत टाकायला लागले. इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं म्हणून ते जरा नाराजच होते. अप्पांनी त्यांना थांबवलं.

"टेप ऱ्हाऊ द्या बाहीर, मन्मथअप्पा. माडीवरची खोली मोजायचीय. आन् ओट्याच्या कोपऱ्यात शेगडीपुरता कट्टा बसतोय का बघा."

मामांनी ही वाटणी समजावी का, असं विचारलं. अप्पा म्हणाले, वाटणी नाही, सोय.

परतताना मामा राजेश्वरलाही सोबत घेऊन गेले. अंबाजोगाईत त्याच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं, थोडे चिडले, थोडे खूशही झाले. लिनक्स बसवताना शेवटच्या पानावर एक छोटा चौकोन येतो, डिस्क मोठी असेल तर त्यात खूण करायची असते, ती याची राहिली होती. सरांनी एका फ्लॉपीवर विंडोज परत सुरू करायचं औषध भरून दिलं. ती फ्लॉपी राजेश्वरनं उकाड्याच्या एसटीत मांडीवर धरून आणली, अंडं आणावं तशी.

संगमेश्वर खुर्ची ओढून शेजारीच बसला होता, हातात काही नव्हतं, पण बघून धाक वाटावा असा. फ्लॉपी घातली, विंडोज उघडलं, बिलं जागच्या जागी निघाली. ती बघितल्यावर थोरला उठला, काही न बोलता धाकट्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दुकानात जाऊन गादीवर बसला. अप्पांनी आदल्याच दिवशी ती त्याला मोकळी करून दिली होती.

मग राजेश्वरनं पुन्हा सीडी घातली. या वेळी त्याच्याशेजारी अप्पा बसले. आपल्याला एवढं घाबरवलं ते पार्टिशन असतं तरी कसं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती आणि अप्पा एकेक प्रश्न विचारत होते. भिंत कुठं घातली? भिंत दिसत नाही तर ती आहे हे मशीनला कसं कळतं? एकाला दुसऱ्याचं दिसतं का?

राजेश्वर म्हणाला, "माझ्याकडून दादाचं समदं दिसतंय. दादाकडून माझं कायीच दिसत न्हाई."

"मंजी लहानपनापासून हाय तसंच," अप्पा म्हणाले.

बसवून झाल्यावर मशीन बंद करून चालू केलं तर पडद्यावर दोन नावं आली आणि मशीन थांबून राहिलं. काय उघडू, म्हणून ते विचारतंय, असं राजेश्वरनं सांगितलं. मशीन आधी विचारतं, ही गोष्ट अप्पांना फार आवडली. त्यांनी ती रात्री जेवताना माडीवर शांतादेवींना दोनदा सांगितली.

सुट्टी संपून राजेश्वर गेला, पुढं शिक्षण संपवून पुण्याला नोकरीला लागला. त्याच्या भागाला मालक उरला नाही. पण जायच्या आधी त्यानं अप्पांना त्यातला पत्त्यांचा डाव दाखवून ठेवला होता. गादी सोडल्यापासून अप्पांच्या सकाळी रिकाम्या जायच्या. ते पूजा आटपून मधल्या खोलीत यायचे, चप्पल बाहेर काढायचे, पडद्यावरच्या दोन नावांतलं खालचं, राजेश्वरचं, निवडायचे आणि डाव मांडायचे. जिंकले की कुणाला सांगायचे नाहीत, हरले की मशीनला उष्णता झाली म्हणायचे.

वीज मधेच गेली की मात्र पंचाईत. वीज आल्यावर ते लिनक्स एकदम उघडायचं नाही, आधी सगळी डिस्क तपासत बसायचं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आणि आकडे सरसर वर चढायचे. ते काय आहे हे अप्पांना कळत नव्हतं. त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की मशीन जप करतंय. तो पुरा होईपर्यंत ते हात जोडून बसायचे आणि मधे कुणाला बोलू द्यायचे नाहीत. एकदा बियाणं कंपनीचा टायवाला पोरगा हे बघून दारातच थबकला आणि नकळत त्यानंही बूट काढले.

शिवांजलीचा चहा हळूहळू गल्लीत नावाजला. सुग्रीवनं तो एकदा पिऊन पाहिला आणि दूध किती घालता म्हणून विचारून गेला. अप्पांना पातळ चहा वर, माडीवर मिळायचा. पण डाव लागत नसला की ते खालूनच ओट्याकडं आवाज टाकायचे, आणि सून सासूला न कळता कडक चहाचा कप खिडकीतून आत सरकवायची.